टण्णकन वाजणारं नेट

स्टाफ मीटिंगमध्ये "कॉलेजात असताना खेळायचो जरा" एवढंच बोललो आणि शाळेच्या क्रिकेट नेटचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी भूगोल शिकवतो. खेळायचो म्हणजे बारावा गडी होतो, पण ते मीटिंगमध्ये कोण सांगतंय! हेडसरांनी भाषणच ठोकलं, विजय हजारे 1915 साली सांगलीत जन्मले, स्मृती मानधना सांगलीतच वाढली आणि आपल्याकडं साधं नेट नाही. खरं कारण वेगळं होतं. दोन उन्हाळे आमचा बॉल शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, नेमका कुरडयांत पडायचा आणि काकू बॉल आणि कुरडयांचा चुरा दोन्ही आणून हेडसरांच्या टेबलावर ठेवायच्या.

बजेट म्हणजे नावालाच. मग पाचवीतल्या एका पोराचे वडील धावून आले, ते तासगावकडं द्राक्षबागांचे मंडप उभारतात. पिच 22 यार्डांचं म्हटलं तर त्यांनी विचारलं, फुटात सांगा. 66 फूट. "मग असं बोला की सर, गुंठा 33 बाय 33, दोन गुंठं एकाम्होरं एक ठेवलं की झालं तुमचं पिच." एवढी वर्षं क्रिकेट बघतोय, हे डोक्यात आलं नव्हतं.

जाळी त्यांनी बागेतलीच आणली, पाखरांसाठी टाकतात ती, जुनी, फुकटात. पाखरू जाळीला धडकून परत फिरतं, पण साधारण 160 ग्रॅमचा लेदर बॉल फिरत नाही, तो आरपार गेला आणि कुठं गेला ते काकू टेबलावर घेऊन आल्या. मग वर्गणी काढून जाड नायलॉनची जाळी घेतली.

आणि इथं खरा घोळ झाला. जाळी ढिली सोडायची असते, बॉल लागला की जागीच पडला पाहिजे. पण ज्या माणसानं आयुष्यभर मंडपाच्या तारा ओढल्या त्याला ढिली सोड म्हणून कसं सांगायचं? "सर, बोट मारलं की टण्णकन वाजाय पायजे, न्हायतर लोक हसतील मला." वाजत होती खरी, तबल्यासारखी. उद्घाटनाला आठवीतल्या पोरानं झकास ड्राइव्ह मारला, बॉल जाळीला लागून त्याच स्पीडनं परत आला आणि अंपायर म्हणून उभ्या असलेल्या माझ्या गुडघ्यावर बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, ड्राइव्हला का गुडघ्याला ते विचारलं नाही. पुढचे दोन महिने पोरं बॉलरपेक्षा जाळीला जास्त घाबरून खेळली.

मग जूनचा पाऊस लागला. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, हे मी दरवर्षी सातवीला फळ्यावर लिहून देतो आणि खांबांचे खड्डे मात्र फक्त दीड फूट घेतले होते, कारण त्या दिवशी मला घाई होती. दिवाळीपर्यंत सगळे खांब आत झुकले, पांडुरंगाला नमस्कार केल्यासारखे, आणि जाळीला झक्क झोल आला. आता कसाही फटका मारा, बॉल जाळीत गुपचूप पडतो. काकूंच्या कुरडया यंदा अख्ख्या आहेत.

मंडपवाल्यांनी मात्र रस्त्यावरनं जाताना ते झुकलेले खांब बघितलेत. रोज फोन येतोय, "सर, रविवारी येतो, परत टाईट करून देतो, पैसं नकोत." गेले तीन रविवार मी गावाला आहे.