शंभर मीटरच्या पलीकडची जमीन

शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास अडला की पुण्यात वाद १०० मीटरच्या नियमावर येतो. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. नियम सैल करा, असं एक बाजू म्हणते; दुसरी म्हणते, हात लावू नका. इकडे इंग्लंडमध्ये, कोलचेस्टरमध्ये बसून हे वाचताना खटकतं ते एवढंच की पाया जिथे खणायचा त्या जमिनीत काय आहे, हे कुणीच विचारत नाही.

कोलचेस्टरची बाजारपेठ कॅम्युलोडूनम या रोमन शहराच्या डोक्यावरच उभी आहे. इंग्लंडमध्ये १९९० च्या सरकारी मार्गदर्शनापासून अशा जागी परवानगीचा निर्णय होण्याआधी जमीन तपासून घेण्याची पद्धत रुळली. खर्च बांधणाऱ्याचा.

मोकळ्या जागेत साधारण ३० मीटर लांब, २ मीटर रुंद चर घेतात. सगळे मिळून क्षेत्राच्या २ ते ५ टक्के. शहरात एवढी जागा कुठली? तिथे तळघरं आणि केबली चुकवून दोन-तीन मीटरचे चौकोनी खड्डे. आधी जुने नकाशे, मग केबल शोधणारं यंत्र, मग डांबर कापणं. खोदयंत्राला दात नसलेली बकेट लावतात, कारण दात थर फाडतात. पातळ पापुद्रे काढत जायचं, शेजारी पुरातत्त्वज्ञ उभा, आणि पहिला अर्थपूर्ण थर दिसताच यंत्र बंद. पुढे थापी. प्रत्येक थराला क्रमांक, आराखडा १:२० प्रमाणात, छेद म्हणजे खड्ड्याच्या उभ्या बाजूचं चित्र १:१० ला. खोली वाढली की बाजूंना पायऱ्या किंवा आधार. इथे घाई जिवावर बेतते. सगळं उकरून काढायचंच नसतं. अवशेष किती खोल, कोणत्या काळाचे, किती शाबूत, एवढं कळलं की थांबायचं.

चुका ठरलेल्या जागी होतात. रोमन थरावर काळपट मातीचा जाड थर असतो. तो बागेची माती समजून यंत्राने उचलला की रोमन काळाच्या अखेरीचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. कोलचेस्टरच्या आसपास चांगला बांधकामाचा दगड नाही, म्हणून मध्ययुगात लोकांनी रोमन भिंती पायासकट उपसून नेल्या. मागे उरले चुन्या-विटांच्या चुऱ्याने भरलेले चर. नवखा माणूस ‘भिंत नाही’ असं लिहून मोकळा होतो. खरं तर तो चर म्हणजेच भिंतीचा नकाशा. सगळ्यात फसवी असते मातीच्या घरांची पडझड. इ.स. ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्धच्या बूडिका राणीच्या बंडात जळालेली माती लालभडक, लगेच ओळखू येते. न जळलेली मात्र थेट नैसर्गिक मातीसारखी दिसते आणि खोदाई तिथेच थांबते. म्हणून खड्ड्याच्या एका कोपऱ्यात छोटा खोल चौकोन घेऊन खात्री करायची. हा कोपरा टाळणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. २०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या दुकानाखाली सोन्या-चांदीचे दागिने मिळाले ते पूर्ण खोदाईत. जमिनीत पुरलेली एवढीशी पुरचुंडी चाचणीच्या चरात सापडणं नशिबाची गोष्ट. आणि सर्वांत कमी बोलीवर काम दिलं की पहिली कात्री नोंदींना लागते.

तरीही जमिनीत काय आहे, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला विचारायला हवा. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी ग्रंथातलं तगर ते हेच. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण रोमन शहर पॉम्पेईत सापडली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्तीच मिळाली. संरक्षित जागेच्या हद्दीपासून दूर कुणी घराचा पाया, शोषखड्डा किंवा गटार खणतं, तेव्हा १०० मीटरच्या नियमाला त्याची खबरही नसते. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात टाकायला नेली की थरांचा क्रमच संपतो. खापर हाती उरतं, ते कुठल्या थरातलं हे मात्र कायमचं हरवतं.

इंग्लंडचा खर्चाचा नियम जसाच्या तसा आणू नये. मोठ्या गृहप्रकल्पाने आपला खर्च करावा. दोन खोल्या बांधणाऱ्याचा खड्डा सरकारने घ्यावा. दोन मीटरचा एक खड्डा, दोन मजूर, एक जाणकार. शनिवारवाड्याजवळच्या वाडामालकालाही मग सरसकट नकाराऐवजी आपल्या जमिनीपुरतं कारण तरी कळेल. काळ्या मातीत मात्र खड्डा दिवाळीनंतर लगेच घ्यावा: पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरचा मणी सहज खालच्या, जुन्या थरात जाऊन बसतो.