वॉर्डात स्केट पार्क कसा करावा

वॉर्डातला एखादा मोकळा प्लॉट अजून कुणाच्या नजरेतून सुटला असेल, तर तिथे स्केट पार्क कराच. उद्यान केलं की लोक वापरतात आणि मग तक्रारी घेऊन येतात. स्केट पार्क नीट बांधला तर तिकडे कुणी फिरकतही नाही.

लोकसहभाग मात्र दिसलाच पाहिजे. स्केटबोर्डवाली पोरं शोधायला कष्ट नाहीत. मॉलच्या पायऱ्यांवरून वॉचमन ज्यांना हुसकावतो तीच. त्यांना बैठकीला बोलवा, वडापाव द्या. ती सांगतील, चाक जेमतेम 52-54 मिलिमीटरचं आणि कडक असतं. खडा आला की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. म्हणून काँक्रीट एकसंध आणि घोटून गुळगुळीत हवं. माना डोलवा. फोटो झाले की पेव्हर ब्लॉक बसवा. ठेकेदाराकडे फुटपाथचे उरलेले असतातच.

क्वार्टर पाइप म्हणजे वाकत वर चढणारा काँक्रीटचा उतार. त्याच्या वरच्या काठावरचा लोखंडी पाइप काँक्रीटच्या किंचित बाहेर हवा, बोर्ड त्यावर घासत जातो, हे एखादी मुलगी पोटतिडकीनं सांगेल. तिच्या हाताला प्लास्टर असेल तर तिला पहिल्या रांगेत बसवा. पाइप गाडून टाका आणि वर रेलिंग ठोका. पोरं पडली तर?

थापी मात्र चुकूनही त्यांच्या हाती देऊ नका. अमेरिकेतल्या पोर्टलंडला 1990 साली बर्नसाइड पुलाखाली पोरांनी कुणाला न विचारता सिमेंट कालवून पार्क उभारला, आणि शहराला मागाहून मान्यता द्यावी लागली. ना टेंडर, ना कोनशिला. लंडनच्या साउथबँकला सभागृहाखालच्या जागेत 1970च्या दशकापासून स्केटिंग चालतं. 2013 मध्ये तिथे दुकानं काढायचं ठरलं, तर पोरांनी असं रान उठवलं की पुढच्याच वर्षी बेत गुंडाळावा लागला. लांब कशाला, मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात 2015 मध्ये पार्क झाला. तिथले गाजलेले नियम दोनच: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि आधी मुली. एवढ्यात पाटी तरी भरते का? आपल्या पाटीवर नियम इतके हवेत की शेवटचा वाचायला वाकावं लागेल. तो ‘चाकाची वाहने आत आणू नयेत’ हा असावा.

आता व्हिडिओ. पोरं म्हणतील, आम्हीच काढतो. त्यांची रीत अशी की एकजण सगळं रुंद आणि वाकडं दाखवणारी फिशआय लेन्स जमिनीलगत धरून स्वतः बोर्डवरूनच पाठलाग करतो. दुसरा त्याच तीन पायऱ्यांवर आपटत राहतो, कोपर सोलून निघतं, आणि एकदाची उडी जमली की बाकीचे आपापले बोर्ड फरशीवर आपटून गिल्ला करतात. बघताना अंगावर काटा येतो, हे खरं. पण त्यात साहेब कुठे आहेत? तुम्ही ड्रोन मागवा, मागे ढोलताशा लावा. साहेबांना हेल्मेट घालून बोर्डवर चढवा आणि दोघांना कंबर धरायला सांगा. ते हात एडिटिंगमध्ये कापता येतात. पोरांना शेवटी टाळ्या वाजवताना दाखवा. झाला सहभाग.

बाउल म्हणजे स्केटिंगचा वाडग्यासारखा खोलगट खड्डा. त्याच्या तळाशी पाणी जायला जाळी ठेवा, असंही पोरं म्हणाली होती. इतिवृत्तात तशी नोंद असू द्या, जाळी नको. पावसाळ्यात बाउल काठोकाठ भरला की त्याची गणपती विसर्जनाचा कृत्रिम हौद म्हणून नोंद करा. त्याचा निधी वेगळा मागता येतो, आणि नारळही पुन्हा फोडता येतो.