करड्या चौकोनातला माणूस

रात्री बाराला पाच कमी असताना शहाणी माणसं झोपलेली असतात. मी मात्र बायकोची झोप मोडू नये म्हणून मोबाइलचा उजेड कमी करून, पांघरुणाच्या आत डोकं घालून बारा वाजायची वाट बघत असतो. बाराच्या ठोक्याला आमच्या शब्दखेळाच्या गटात ओळखायला नवा मराठी शब्द पडतो. तो सकाळी उठूनही ओळखता येतो, नाही असं नाही. पण तोवर निम्म्या गटाने ओळखून, एकमेकांना शाबासकी देऊन झालेली असते, आणि आपण बाजार उठल्यावर पिशवी घेऊन आल्यासारखे दिसतो.

त्या दिवशी शब्द द्यायची पाळी एका ताईंची होती. त्यांनी रात्री नवालाच बजावलं होतं, ‘मंडळी, आज जरा कंबर कसून या!’ मी अंगठा दाखवला.

या वेडाचं मूळ तसं सालस आहे. जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थाने आपल्या शब्दवेड्या सहचरीसाठी ‘वर्डल’ हा इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ बनवला. पाच अक्षरं, सहा प्रयत्न, दिवसाला एकच शब्द. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने तो सगळ्यांना खुला केला. १ नोव्हेंबरला ९० माणसं खेळत होती, आणि दोनच महिन्यांत आकडा ३ लाखांच्या वर गेला. खेळ होता दोघांपुरता. पण दोघांच्या भानगडीत तिसरा पडला की काय होतं, ते आमच्या गटात येऊन बघावं.

इंग्रजीत स्वर सुटे असतात. त्यामुळे स्वरांनी भरलेला एखादा शब्द आधी टाकून अंदाज घेता येतो. आपले स्वर व्यंजनांच्या मानेवर, पायाशी, पाठीवर चढून बसलेले. मग आम्ही एक जादा रंग काढला. अक्षर आणि जागा बरोबर, पण काना-मात्रा चूक, तर निळा. सगळंच बरोबर असेल तर हिरवा, अक्षर दुसरीकडे असेल तर पिवळा, नसेलच तर करडा. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर तीन दिवस खडाजंगी झाली आणि दोन सभासद कायमचे गेले. पुढे ‘दुर्मीळ’मधल्या दीर्घ वेलांटीवरून आणखी एक गेले. ते मास्तर होते.

तर शब्द तीन अक्षरी. मी ‘कातर’ने सुरुवात केली. क निळा, त करडा, र हिरवा. वा! पहिल्याच फटक्यात दोन खुंट्या बसल्या. दुसरा शब्द आपोआप आला, ‘कमर’. क पुन्हा निळा, म करडा. म्हणजे नुसता क नाही, त्याला काहीतरी चिकटलेलं आहे. ‘केसर’ टाकला. निळा. ‘कोपर’ टाकला. निळा. एवढ्यात खाली निरोप यायला लागले. ‘दोनमध्ये!’ ‘तीन, आज डोकं चाललं नाही.’ हा जो डोकं न चालणारा तीनवाला असतो ना, त्याला मी कधीतरी प्रत्यक्ष भेटणार आहे.

पाचवा ‘कुहर’. कुहर म्हणजे गुहा. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला आणि तोही निळा. एक प्रयत्न उरला. काना झाला होता, मात्रा झाली होती, उकार झाला होता. म्हटलं, वर चंद्र लावून बघू, आणि ‘कॉलर’ टाकला. परकीय मदतही कामी आली नाही. सहा ओळी भरल्या, आणि खाली उत्तर आलं : कंबर.

टिंब! मोहरीएवढं टिंब!

मी दोन मिनिटं छताकडे बघत होतो. मग लक्षात आलं, की कमर आणि कंबर एकच! शरीराच्या नकाशावर मी दुसऱ्याच फटक्यात नेमक्या जागी पोचलो होतो, आणि तिथून उठून कोपराकडे गेलो होतो. ताबडतोब अर्ज केला, ‘अर्धा गुण मिळावा.’ ताई म्हणाल्या, ‘टिंब नाही, गुण नाही.’ मी म्हटलं, प्रत्यय लागला की कंबर स्वतःच टिंब टाकून देते. पदर कमरेला खोचतात. एकाने ‘आम्ही कंबरेलाच म्हणतो’ असं मधेच टाकलं, त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. ‘नऊ वाजताच सांगितलं होतं की कंबर कसून या,’ असं ताईंनी वर ऐकवलं, त्याच्याकडेही. आणि माझ्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा काढला, ‘अहो, म्हणच आहे : कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणं!’

क्षणभर शांतता. मला वाटलं, जिंकलो.

मग ताईंचं उत्तर आलं, ‘हो, रात्री साडेबाराला तुमचं तेच चाललंय.’

त्यावर भराभर चौदा हसरे चेहरे पडले. मी एकेक नाव बघत गेलो. तेरावं नाव बायकोचं होतं. शेजारचं पांघरूण मघापासून हलत होतं, ते मला वाटलं थंडीने.