ग्रेस मार्क

प्रोजेक्टला थर्मिस्टरचा ग्राफ पाहिजे होता. तापमान वाढलं की रोध कसा घसरतो, एवढंच. ग्राफ पेपरवर पेन्सिलनं अर्ध्या तासाचं काम, पण सर म्हणाले सॉफ्टवेअरमध्येच काढा, आणि नाव सांगितलं एक्सएमग्रेस. मला वाटलं नावातच ग्रेस आहे म्हणजे एसएसएलसीसारखे, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीसारखे, चार मार्क फुकट मिळतील.

बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीवर रात्री नऊला बसलो. अक्षावरची अक्षरं मुंगीएवढी होती, ती जरा मोठी करायची, बास. अक्षावर डबल क्लिक केलं की अक्षाची खिडकी उघडते; माझा माऊस केसभर सरकला आणि रेषेची उघडली, ती घालवून परत क्लिक केलं तर मथळ्याची. खाली तीन बटणं, अप्लाय, अ‍ॅक्सेप्ट आणि क्लोज. अप्लायनं बदल होतो पण खिडकी राहते, अ‍ॅक्सेप्टनं बदल होऊन खिडकी जाते, आणि नुसतं क्लोज दाबलं की खिडकीबरोबर तुमची मेहनतपण जाते. हे कळेपर्यंत अकरा वाजले, तोवर मी इमानदारीत क्लोजच दाबत होतो.

मग ओहमचं चिन्ह. कॉपी करून चिकटवलं तर टोपी घातलेला इंग्रजी आय आणि शेजारी कॉपीराइटचा गोल. खरी रीत काय, तर उलटी तिरकी रेघ, एक्स आणि कॅपिटल डब्ल्यू! चिडून अक्षाखाली मराठीत ‘तापमान’ लिहिलं, तर नुसता कचरा. रूममेट बैलहोंगलचा, तो लगेच खूश, ‘कन्नड हाकून बघ की’ म्हणाला. तोही कचरा. १९५६ पासून आमच्याकडं पाटीवर कुठली भाषा ह्यावरून भांडण चाललंय, ह्या सॉफ्टवेअरनं दोघांनाही एकाच दारातनं हाकललं.

एवढ्यात ग्राफची चौकटच सरकली. अनडू शोधला तर अनडूच नाही. आणि मी सेव्ह कधी केलेलं, तर साडेनऊला.

एक वाजता शेजारच्या खोलीतला निपाणीचा दोस्त पाणी मागायला आला. ‘काय करूलालास गा अजून?’ सांगितलं. त्यानं माऊस बाजूला सारला, फाईल साध्या एडिटरमध्ये उघडली, सगळी अक्षरंच, आत लेबलच्या साईजपुढं एक होता तिथं दीड लिहिला, सेव्ह. अक्षरं मोठी. मग बाटली भरून घेतली आणि गेला.

बघत बसलो. झकास दिसत होतं. फक्त मथळा किंचित डावीकडं वाटला, म्हणून त्यावर डबल क्लिक केलं, तर रेषेची खिडकी उघडली.