ब्राबस म्हणजे वीस हजारांचा डबा नव्हे

‘ब्राबस ही मर्सिडीजचीच कंपनी. ते फक्त एक चिप लावतात आणि 585 हॉर्सपॉवरची गाडी 800 ची होते. तीच चिप आपल्या डिझेल गाडीला वीस हजारांत बसते, इंजिनाला काही होत नाही, वॉरंटीही जात नाही, आणि सगळं कायदेशीर.’ हा फॉरवर्ड फिरत फिरत भाच्याकडे पोचला आणि त्याने विचारलं, ‘मामा, टाकू का?’ अजिबात नको.

मर्सिडीजची स्वतःची, वेगवान गाड्या बनवणारी कंपनी ती एएमजी. 2005 पासून पूर्णपणे. ब्राबस ही मर्सिडीजच्या गाड्यांची ताकद वाढवून देणारी, जर्मनीतल्या बोट्रोपची, 1977 ची वेगळी कंपनी. ब्राकमान आणि बुशमान या दोन आडनावांतून तिचं नाव झालं. एवढं तरी बघून लिहायचं.

आता चिप. एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो: जी 63 साठी, म्हणजे मर्सिडीजच्या त्या 585 हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी, ब्राबस जोडायचं मॉड्यूल विकते. पण त्याने 700 हॉर्सपॉवर मिळतात. 800 साठी दोन्ही टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) बदलून मोठ्या कंप्रेसरचे घालतात. 900 च्या गाडीत तर इंजिन उघडून क्रँकशाफ्ट आणि पिस्टन बदलतात, चार लिटरचं साडेचार करतात. एवढं करूनही 1250 न्यूटन मीटरचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) 1050 वर रोखतात.

फॉरवर्डमधली वीस हजारांची ‘चिप’ म्हणजे बाहेरून जोडायचा एक डबा. तो यातलं काहीच करत नाही. रेल म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी, आणि ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. रेलमधला दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसून हा डबा खोटा आकडा सांगतो. समजा रेलमध्ये 1600 बार आहेत, तर हा 1450 दाखवतो. दाब कमी पडला असं समजून ईसीयू तो वाढवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण डिझेल जास्त जातं आणि हवा त्या मानाने कमी पडते. मग काजळी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) साचते आणि एक्झॉस्टची उष्णता टर्बोला खाते. सगळ्यात वाईट म्हणजे दाबाची वरची मर्यादाही ईसीयू त्याच खोट्या आकड्यावर पाळतो. क्लच जुना असेल तर वाढलेल्या जोराने तो घसरतो: घाटात तिसऱ्या गिअरला आरपीएम चढतात, वेग वाढत नाही.

वॉरंटी? ब्राबस आपल्या कामाची स्वतः 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची हमी देते. डबा विकणाऱ्याकडे इंजिनाची हमी लेखी मागून बघा.

कायदा: मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच सांगितलं आहे.

डबा आधीच बसवला असेल तर काढा, मूळ कनेक्टर थेट सेन्सरला लावा आणि स्कॅनरवर डीपीएफमधली काजळी व इंजेक्टरचं करेक्शन (ईसीयू प्रत्येक इंजेक्टरच्या डिझेलात करत असलेली दुरुस्ती) तपासून घ्या.