‘मोफत सोलर, शून्य बिल, आयकर परत’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर या धाटणीचे मेसेज सतत येतात: ‘सोलर आता मोफत. वीजबिल कायमचं शून्य. लाइट गेली तरी घर चालू. वर खर्चाच्या ३० टक्के रक्कम आयकरातून परत. आजच टोकन भरा.’

मी सोलरच्या बाजूचा आहे, म्हणूनच हे मला जास्त खटकतं. अशा भरवशावर पैसे भरलेला माणूस पहिलं बिल हातात पडलं की सोलरलाच नावं ठेवतो, आणि शेजारची चार घरंही मागे फिरतात.

आधी आयकराचं. ३० टक्क्यांची सवलत खरी होती, पण अमेरिकेत. तिथे राहत्या घरावर सोलर बसवलं की खर्चाचा तेवढा भाग करातून वजा व्हायचा. जुलै २०२५ मधल्या तिथल्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतर ती सवलतही संपली. आपल्याकडे पगारदार माणसाला राहत्या घराच्या सोलरसाठी आयकरात वजावट नाही. अंबड-सातपूरच्या कारखानदाराला व्यवसायाच्या हिशेबात ४० टक्के घसारा, म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी घटते म्हणून वजावट, मिळतो, ती गोष्ट वेगळी. घरगुती ग्राहकाला मिळतं ते अनुदान, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी.

मोफत? केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. सरकारनेच तीन किलोवॉटचा प्रमाण खर्च १ लाख ४५ हजार धरला होता. म्हणजे त्या हिशेबानेही ६७ हजार आपले. शिवाय अनुदान सिस्टीम सुरू झाल्यावर खात्यात येतं. तोवरची सोय आपणच करायची.

बिल शून्य होत नाही. महावितरणचा स्थिर आकार राहतोच. एक किलोवॉट महिन्याला साधारण शंभर ते सव्वाशे युनिट देतो, पण ही वर्षाची सरासरी झाली. आषाढ-श्रावणात ढग हटत नाहीत तेव्हा आकडा बराच खाली येतो. उन्हाळ्यात वापरून उरलेली युनिटं महावितरणच्या लाइनमध्ये जातात आणि पुढच्या बिलांत वळती होतात. मात्र मार्चअखेर उरलेल्या युनिटांना आपल्या खरेदीदरापेक्षा खूप कमी भाव मिळतो. त्यामुळे ‘छत मोकळं आहे, पाच किलोवॉट टाका’ हा सल्ला ऐकू नका.

लाइट गेल्यावर घर चालू राहणं तर साध्या ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या, सोलरला शक्यच नाही. पुरवठा गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तो तसा पडायलाच हवा, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि तो खर्च वेगळा.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते: आधी वापर कमी करा, मग सोलरचा आकार ठरवा. जुना पंखा ७५ वॉट खातो. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॉटचा, म्हणजे ११ युनिटांच्या आत. तीन पंखे बदलले की जवळपास ४८ युनिट वाचतात, अर्ध्या किलोवॉटच्या पॅनलएवढी वीज. पंख्यांना नऊ-दहा हजार लागतील. अर्ध्या किलोवॉटला सरकारी प्रमाण दरानेही अनुदानापूर्वी बावीस-पंचवीस हजार. शिवाय वाचलेली युनिटं वीजदराच्या सर्वात महागड्या टप्प्यातून कमी होतात. सिडकोतल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी छताच्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक केलं तर एप्रिल-मेमध्ये खोली कमी तापते आणि एसी कमी चालतो. एसी चोवीसवर ठेवला तरी फरक पडतो: तापमान वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते.

एवढं करून सोलर घ्यायचं ठरलं तर टोकन भरण्याआधी वीजबिलावरचं नाव बघा. पंचवटीतल्या जुन्या घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. अर्जदार आणि ग्राहक एकच लागतो, तेव्हा नाव आधी बदलून घ्या. अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा आणि बँक खातं आपलंच द्यायचं. अनुदान थेट त्यात येतं. ते ‘मिळवून देतो’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.