सूत्र एक म्हणून पदार्थ एक नव्हे

दहावीच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'समघटकांचा बाऊ करू नका. रेणुसूत्र एक तर पदार्थ एक, फक्त चित्र वेगळं. साखळी वाकवली की नवा समघटक, आरशात धरली की पुन्हा तोच. गुळातलं ग्लुकोज-फ्रुक्टोजही एकच.' समघटक म्हणजे रेणुसूत्र तेच, पण अणूंची रचना वेगळी असलेले पदार्थ. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमधल्या दोघीतिघींनी हा मेसेज वहीत उतरवून घेतला. पोरं अभ्यास करतायत आणि चुकीचं पाठ करतायत, हे बघवत नाही.

'सूत्र एक तर पदार्थ एक.' दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजनच्या एका बाजूला कार्बन, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन असेल तर ते इथेनॉल, ७८ अंशांना उकळणारं. दोन्ही बाजूंना कार्बन असेल तर डायमिथाइल ईथर, जे उणे २४ अंशांनाच उकळतं. म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीतही ते वायूच. सूत्र ही नुसती हजेरी आहे. कोण कोणाला जोडलंय ते त्यात लिहिलेलं नसतं.

'साखळी वाकवली की नवा समघटक.' सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. एका मुलीनं पेंटेनचे सहा समघटक काढून आणले. मी भिजवलेले वाटाणे आणि दात कोरायच्या काड्या पुढे ठेवल्या : वाटाणा म्हणजे कार्बन, काडी म्हणजे बंध. तिनं पाच वाटाणे जोडून आपली 'एल'च्या आकाराची साखळी केली. म्हटलं, आता दोन्ही टोकं धरून उचल. काडी एकही न मोडता साखळी सरळ झाली. "सर, हे तर पहिलंच!" असं एकेक करत सहाचे तीन उरले, आणि पेंटेनचे तीनच आहेत. काडी उपटून दुसरीकडे खोचावी लागली, तरच तो वेगळा समघटक.

'आरशात धरली की तोच.' ब्युटेनपुरतं खरं. पण एकाच कार्बनला चार वेगवेगळे गट असतील तर प्रतिबिंब मुळावर बसत नाही. पाश्चरनं १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक हातानं निवडून वेगळे केले होते. हे तुम्हाला पुढच्या वर्गांत येईल.

'ग्लुकोज-फ्रुक्टोज एकच.' हे कोल्हापुरात कुणी म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटतं. ग्लुकोजमध्ये ऑक्सिजनशी दुहेरी बंध पहिल्या कार्बनवर, फ्रुक्टोजमध्ये दुसऱ्यावर. एवढ्या फरकानं फ्रुक्टोज कितीतरी गोड लागतं आणि हवेतलं पाणी जास्त ओढतं. तोडलेला ऊस गुऱ्हाळावर पडून राहिला की त्यातली साखर फुटून ही दोन्ही तयार होतात. मग गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. रस आंबट राहिला तरी काहिलीत तेच होतं. गुळव्या चुन्याची निवळी घालतो त्यामागे हेही एक कारण आहे.

पुरावा हवा तर पोलरीमीटर बघा, म्हणजे द्रावण प्रकाशाला किती आणि कुठे वळवतं ते मोजणारं उपकरण. साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये रस त्यावरच तपासतात. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल उजवीकडे वळवतं. आम्ल घालून ती साखर फोडली की वळण डावीकडे जातं, कारण ग्लुकोज जेवढं उजवीकडे वळवतं त्याहून फ्रुक्टोज डावीकडे जास्त. दोन्ही ग्लुकोजच असती तर ते उजवीकडेच राहिलं असतं.